माजी विद्यार्थी संघाकडून उन्हाळी सामने खेळायचे आहेत, तयारी काय करावी?

अमळनेर_ते_पुणे
नमस्कार मंडळी. आमच्या अमळनेरच्या (जि. जळगाव) शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा क्रिकेट क्लब दर उन्हाळ्यात सामने भरवतो. यंदा नाव द्यायचं नक्की केलंय. वय ३८, बॅट हातात धरून पंधरा वर्षं झाली, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, राहायला पुण्यात. विचारायचं ते असं: नाव नोंदवायला कागद कोणते लागतात? तयारी लेदर बॉलची करू की टेनिस बॉलची? ४३-४४ अंशांत खेळायचं कसं? आणि मी त्या शाळेत नववीपर्यंतच होतो, दहावी दुसऱ्या गावी झाली. अशाला घेतात का?

गिरणाकाठ
भाऊ, आधी कळवून टाका, बाकीचं नंतर. संघ मार्चमध्येच ठरायला लागतात. क्लबला तुमच्याकडून एवढंच हवं असतं: शाळेच्या रजिस्टरला असलेलं पूर्ण नाव, दहावीचं वर्ष, रक्तगट, घरच्या माणसाचा नंबर, आणि कोणत्या तारखांना नक्की येणार. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "बघतो, जमलं तर येतो" म्हणणारा कितीही चांगला खेळो, कप्तानाला त्याचा उपयोग नाही. अकरा जण मैदानात लागतात, म्हणून कप्तान पक्क्या शब्दाचे चौदा-पंधरा जण धरून यादी करतो.

कागदात दहावीची गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला. तुम्हाला दाखलाच लागेल, कारण गुणपत्रिकेवर दुसऱ्या शाळेचं नाव असणार. दाखल्यावर प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख आणि इयत्ता असते. हरवला असेल तर शाळेत अर्ज देऊन दुय्यम प्रत मिळते. जनरल रजिस्टर क्रमांक माहीत असेल तर काम लवकर होतं, नाहीतर कारकुनाला जुनी रजिस्टरं उलगडत बसावं लागतं. मेच्या सुट्टीत कार्यालय पूर्ण वेळ उघडं असेलच असं नाही, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आत उरका.

काळी_माती
तारखा बघताना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आधी बघा. २०२४ ला ती १० मे रोजी होती, २०२५ ला ३० एप्रिलला. दरवर्षी सरकते आणि सगळं वेळापत्रक तिच्याभोवती फिरतं. सुरत, पुणे, मुंबई, नाशिककडची बठ्ठी (सगळी) पोरं आखाजीला घरी असतात, म्हणून सामने त्याच आठवड्यात ठेवावे असं वाटतं. पण आखाजीच्या दिवशी सामना ठेवू नये. घरात घागर भरायची असते, बहिणी माहेरी आलेल्या असतात, आणि आमरसाच्या दुसऱ्या वाटीनंतर दोन धावा कोण पळणार! आदला रविवार आणि आखाजीनंतरचे दोन दिवस हे सगळ्यात सोयीचे.

दुसरी कड पावसाची. २५ मेच्या आसपास रोहिणी लागतं, ७-८ जूनला मृग. वळवाचा एक सडाका आला तरी काळ्या मातीचं मैदान तीन-चार दिवस गेलं समजा, बुटाला किलोभर चिखल चिकटतो. अंतिम सामना २० मेच्या पुढे नेऊ नका.

टेनिसवीर_पाचोरा
माझं मत स्पष्ट आहे, माजी विद्यार्थ्यांचे सामने टेनिसवरच व्हावेत. निम्मे लोक पंचेचाळिशीच्या पुढचे. पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, गार्ड हे सगळं प्रत्येकाकडे नसतं, मग एकाचं हेल्मेट दुसऱ्याच्या डोक्यावर ढिलं बसतं. हेवी टेनिसला (जड टेनिस चेंडूला) मॅट, म्हणजे खेळपट्टीवर अंथरायची काथ्याची किंवा तागाची चटई, लागत नाही, सारवलेल्या, रोलर फिरवलेल्या मुरमावर सामना होतो.

मॅटिंगवाला
@टेनिसवीर, तुमच्या काळजीत तथ्य आहे, पण मुरमावर टेनिस सुरक्षित असतं हे मला पटत नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये काळी माती भेगाळते. भेग दोन बोटं रुंद असली तरी पळणाऱ्याचा पाय मुरगळायला पुरते. चेंडू कोणताही असो, आधी मैदान बघा. भेगा नुसत्या मातीने बुजवल्या तर दोन दिवसांत पुन्हा उघडतात. मुरूम आणि चाळलेली माती मिसळून भरा, पाणी द्या, धुमसाने (जड ठोकळ्याने) ठोका. निदान खेळपट्टीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा यार्ड आणि गोलंदाजांच्या धावपट्टीवर एवढं झालंच पाहिजे.

आता लेदर आणि मॅट. खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट, मीटरमध्ये २०.१२. पूर्ण मॅट ६६ बाय ८ फुटांची मिळते. काथ्याच्या मॅटवर उसळी जास्त आणि फिरकीला मदत, तागाच्या मॅटवर चेंडू संथ येतो. मॅट कशीही असली तरी खरा खेळ खालच्या पायाचा. आदल्या संध्याकाळी ऊन कललं की मुरमाच्या पायावर पाणी शिंपडा, चिखल होऊ न देता. तासाभराने रोलर फिरवा. कोरड्या पायावर मॅट टाकली की खालून धूळ सुटते, मॅट सरकते आणि एकाच षटकात एक चेंडू डोक्यावरून तर दुसरा घोट्यावर.

अंथरायची रीत अशी. एक टोक यष्ट्यांच्या रेषेवर लावून आधी तेवढंच खिळ्यांनी पक्कं करा. मग दुसऱ्या टोकाला सहा-आठ जणांनी धरून ताणायची. झटके द्यायचे नाहीत, सगळ्यांनी एका दमात ओढायचं. ताण धरलेला असतानाच दुसरं टोक ठोका. त्यानंतर कडा, मधून बाहेर, समोरासमोर दोघांनी एकाच वेळी. खिळा सहा इंची, डोक्याखाली पत्र्याची चकती, दर दोन-अडीच फुटांवर एक. डोकं मॅटच्या काथ्यात बुडालं पाहिजे. हात फिरवून बघायचं, बोटाला लागलं तर अजून एक टोला. सुरकुती राहिली आणि ती नेमकी गुड लेंथला असली तर मारलेले सगळे खिळे उपटून पुन्हा ताणा. आळस करू नका, तिथून उसळलेला चेंडू थेट तोंडावर येतो.

लोक विसरतात ती जागा म्हणजे मॅटचं टोक. मॅट यष्टीपासून यष्टीपर्यंत असते, त्यामुळे गोलंदाजाचा मागचा पाय मातीवर आणि पुढचा मॅटवर पडतो. मॅटची जाडी आणि माती यात पायरी राहिली की घोटा गेलाच. टोकाबाहेरची तीन-चार फूट माती भर घालून मॅटच्या पातळीला आणा. आणि लोखंडी खिळ्यांचे बूट मॅटवर अजिबात नाहीत, काथ्या उसवतो आणि बूट अडकून गुडघा पिरगळतो. रबरी स्टडचेच घ्या.

भुसावळ_लाईन
प्रवासाचं सांगतो. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर आहे, पुण्याच्या गाड्या मनमाडवरून जळगावला येतात. म्हणजे जळगावला गाडी बदला, नाहीतर धुळ्यापर्यंत बसने या आणि पुढे रस्त्याने. लग्नसराई आणि आखाजी एकत्र आली की ऐन वेळी आरक्षण मिळणं अवघड. परतीचं तिकीट आधी काढा.

फिजिओताई
उन्हाबद्दल आणि गुडघ्याबद्दल नीट लिहिते, कारण "पाणी प्या" एवढ्याने भागत नाही.

अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पुण्याहून शनिवारी रात्री निघून रविवारी सकाळी मैदानात उतरणाऱ्याला ती नसते, आणि त्रास बहुतेक अशांनाच होतो. निदान दोन आठवडे आधीपासून रोज अर्धा तास, रोजच्यापेक्षा थोड्या गरम वेळी चाला, मग हलकं पळा. एसीतून उठून थेट उन्हात नको. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

सामन्याच्या दिवशी तहान लागायची वाट न बघता दर दोन-तीन षटकांना चार-पाच घोट. नुसतं पाणी नको. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरला. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ताक आणि कैरीचं पन्हंही चांगलं, फक्त पन्ह्यात मीठ विसरू नका. सामन्याआधी आणि नंतर वजन करून बघा. एक किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत साधारण सव्वा ते दीड लिटर द्रव भरून काढायचा.

ओळखायचं काय, तर पायात गोळे, डोकं दुखणं, मळमळ दिसली की लगेच सावलीत बाहेर. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी फसू नका. कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. गाडीची वाट बघताना थंड करणं थांबवायचं नाही.

आता दादा, तुमचा गुडघा. उजव्या हाताने वेगात चेंडू टाकलात तर चेंडू सोडताना सगळा भार डाव्या पायावर येतो, अंगाच्या वजनाच्या कित्येक पट. तेव्हा यंदा दोन पावलांची फिरकी टाका. दुसरी धाव घेताना उजवा पाय रोवून वळायची सवय करा, आणि वळताना बॅट लांब टेकवा म्हणजे गुडघा कमी वाकतो. आत्तापासून सहा आठवडे, दिवसाआड: भिंतीला पाठ लावून अर्धवट बसणं तीस सेकंद, पाच वेळा. पायरी चढ-उतार दहा-दहा, तीन फेऱ्या. टाचा उचलणं पंधरा, तीन फेऱ्या. कायम सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर आधी दाखवा, मग व्यायाम.

काळी_माती
ताईंनी लिहिलंय त्यावर वेळेचं गणित जोडतो. मेच्या मध्यात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. सव्वासहाला पहिला चेंडू, १६ षटकांना ७० मिनिटं, मध्ये दहा मिनिटं, पुन्हा ७०. पावणेनऊला सामना संपतो. २० षटकं ठेवली की सव्वानऊच्या पुढे जातं आणि मॅट तापून पाय भाजतात. दिवसाला एकच सामना सकाळी, दुसरा हवा तर दिव्यांखाली. मात्र भोंगा रात्री दहाच्या आत बंद, आणि सकाळी सहाच्या आधी चालू करायचा नाही, तो कायदा आहे.

पाणीही मोजून मागवा. दोन संघ, पंच आणि स्कोअरर मिळून २६ जण. माणशी तीन लिटर धरले तर ७८, म्हणजे वीस लिटरचे चार जार. बर्फाची अर्धी लादी पाण्यासाठी आणि अर्धी ताईंनी सांगितलेल्या कामासाठी, झाकून वेगळी ठेवलेली. केळीचा घड रावेर-यावलकडून कोणीतरी आणतंच.

पांझरा
खेळपट्टीची दिशा उत्तर-दक्षिण असावी. शाळांच्या मैदानात जागेमुळे ती बऱ्याचदा पूर्व-पश्चिम आखतात आणि सकाळी साडेसहाचं ऊन सरळ एका टोकाच्या फलंदाजाच्या डोळ्यात. तसं असेल तर पूर्वेच्या टोकाला कनात बांधा.

घाण्याचं_तेल
बॅटचं कोणी बोललं नाही. पंधरा वर्षं माळ्यावर पडलेली बॅट थेट लेदरला लावू नका, विलो (बॅटचं लाकूड) वाळलेला असतो. कच्चं जवसाचं तेल घ्या. आपल्याकडे घाण्यावर मिळतं, फक्त रंगाच्या दुकानातलं उकळलेलं नको, ते लाकडी सामानासाठी असतं. चमचाभर तेल मऊ फडक्यावर, पुढची बाजू, कडा आणि टोक यांना हलका हात. दांडा जिथे पात्यात घुसतो त्या पाचरीला आणि स्टिकर्सना तेल लावायचं नाही, गोंद सुटतो. बॅट आडवी, तोंड वर करून रात्रभर ठेवा. २४ तासांनी दुसरा हात, मग पुसून घ्या.

नवी घेतली तर लाकडी हातोडीने ठोकायची, सगळं मिळून पाच-सहा तास, रोज अर्धा तास. आधी हलके, मग जोर वाढवत. कडांवर ४५ अंशांत ठोकून त्या गोलसर करायच्या, कडेवर सरळ घाव घालायचा नाही. आणि मेमध्ये बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडीत विलो इतका कोरडा होतो की पहिल्या यॉर्करला टोक चिरतं.

टेनिसवीर_पाचोरा
@मॅटिंगवाला, पायरीचा मुद्दा मान्य. मग निदान असं करा: पहिल्या फेरीला टेनिस, उपांत्यपासून लेदर. आणि लेदरला हेल्मेट व गार्डशिवाय कोणालाच क्रीजवर सोडायचं नाही, यष्टिरक्षक पुढे उभा असेल तर त्यालाही.

मॅटिंगवाला
हेल्मेटवर आपलं एकमत. चेंडू मात्र मध्येच बदलू नये. टेनिसवर उशिरा मारायची सवय लागली की लेदरला हात लवकर येत नाही. क्लबने हंगामाच्या सुरुवातीला एकच ठरवावं आणि कळवावं.

शहादेकर
मुलीही त्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी आहेत. त्यांना फक्त बक्षीस द्यायला का बोलावता? आठ-आठ जणींचा, आठ षटकांचा सामना आखाजीच्या आदल्या रविवारी सहज बसतो, तेव्हा सगळ्या माहेरी असतात. लेदर खेळायचं असेल तर महिलांचा चेंडू हलका येतो, १४० ते १५१ ग्रॅम. पुरुषांचा १५६ ते १६३. वेगळाच मागवा.

गिरणाकाठ
@शहादेकर, अगदी बरोबर. आणि नाव विचारताना लग्नाआधीचं विचारा, रजिस्टरला तेच असतं. निम्म्या जणींची नोंद त्यामुळेच सापडत नाही.

स्कोअरपुस्तक
वाद कुठे होतात ते आधी सांगतो, म्हणजे नियमावलीत लिहून घेता येईल.

रनर (जखमी फलंदाजाच्या वतीने धावणारा): जुन्या दुखण्यासाठी मिळत नाही. एमसीसीच्या (क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या लंडनच्या क्लबच्या) नियमात दुखापत त्या सामन्यात झालेली हवी, रनर त्याच संघातला हवा, शक्यतो बाद होऊन आलेला, आणि फलंदाजासारखेच पॅड-हेल्मेट घातलेला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत रनर २०११ पासून बंद आहे, ते ऐकून कोणी भांडू नये. क्लबला वडीलधाऱ्यांसाठी सूट द्यायची असेल तर लेखी द्या. मुद्दा अमळनेरकरांच्या गुडघ्याशी थेट जोडलेला आहे.

झेलबाद झाल्यावर नवा फलंदाज स्ट्राइकला येतो, धाव घेताना ओलांडलं असलं तरी. षटक संपलं असेल तरच वेगळं. हा बदल २०२२ चा, जुन्या मंडळींना माहीत नसतो.

चेंडू सुटायच्या आधीच नॉनस्ट्रायकर (गोलंदाजाच्या टोकाचा फलंदाज) क्रीजबाहेर सरकला आणि गोलंदाजाने यष्टी उडवली तर तो सरळ धावबाद. २०२२ पासून हे अनुचित खेळाच्या कलमातून काढून धावबादच्या कलमात घातलंय. आधी ताकीद द्यायचं बंधन नाही.

फ्री हिट एमसीसीच्या नियमांत नाहीच, ती स्पर्धेने ठरवायची. पायचीत ठेवायचा की नाही तेही लिहा. क्रीजपर्यंत दोनदा टप्पा पडलेला चेंडू नोबॉल.

स्कोअर क्रिकहीरोज ॲपवर टाका, गावाबाहेरचे लोक बघतात. पण वहीसुद्धा ठेवा, उन्हात मोबाईल तापून बंद पडतो. दर षटकाला दोघांनी बेरीज मिळवून घ्यायची.

काळी_माती
पाहुणे खेळाडूंचंही लिहून घ्या. नियम मोडायला सुरुवात तिथूनच होते. एक जण कमी पडला म्हणून शाळेबाहेरचा घेतला, तो ऐंशी करून गेला, की पुढच्या वर्षी सगळेच आणतात. कमी पडले तर बाहेरचा फक्त क्षेत्ररक्षणाला. बदली खेळाडूला फलंदाजी-गोलंदाजी नसतेच.

अमळनेर_ते_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, व्यायाम आजपासून सुरू. दोन गोष्टी राहिल्या. नववीचं नक्की काय? आणि मला फलंदाजीला कितव्या क्रमांकावर मागावं?

गिरणाकाठ
नववीचं: दहावी त्याच शाळेतून, की शाळेत अमुक वर्षं शिकला, हे क्लबच्या नियमावलीत बघा. क्लब नोंदणीकृत असेल तर घटनेत सभासद कोण ते लिहिलेलं असतं. तिथे अडचण नसेल तरी सचिवांना पहिल्या सामन्याआधी लेखी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. हरकत सामना जिंकल्यावर येते आणि गुण संघाचे जातात. माझ्या मते पाचवी ते नववी पाच वर्षं त्या वर्गात बसलेला माणूस त्या शाळेचाच, आणि सचिवांनाही तुम्ही हे असंच सांगा.

मॅटिंगवाला
क्रमांक मागू नका, पहिली दोन वर्षं तरी. कप्तानाला सांगा की मी पंचगिरी करीन, स्कोअर लिहीन आणि पहाटे मॅटला येईन. ज्या दिवशी तुमचा संघ खेळत नसतो त्या दिवशी पंच कुठून आणायचा ही प्रत्येक क्लबची मोठी अडचण असते. तुम्ही तिथे उभे राहिलात की नाव आपोआप यादीत येतं. क्षेत्ररक्षणाला तुमच्या गुडघ्यासाठी शॉर्ट फाइन लेग किंवा पहिली स्लिप. मॅटवर स्लिप दोन पावलं मागे उभी करतात, चेंडू वर येतो.

फिजिओताई
स्लिपला षटकभर वाकून राहू नका. गोलंदाज धावायला लागला की वाका, चेंडू गेला की सरळ.

अमळनेर_ते_पुणे
कळलं. दाखल्याचा अर्ज सोमवारी भाऊ शाळेत देतोय. सचिवांना आत्ताच मेसेज टाकला, पंचगिरीसाठी चार रविवार दिले. आदल्या रविवारच्या सामन्याला मॅट किती वाजता अंथरतात?

मॅटिंगवाला
पाणी आणि रोलर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, मॅट रविवारी पहाटे पाचला. उजाडलेलं नसतं, टॉर्च आणा. ओढायला माणसं मिळतात, खिळ्याला चकत्या घालणारं कोणी नसतं. ते काम तुम्ही घ्या: साधारण ७० खिळे, शनिवारीच चकत्या घालून डब्यात भरून ठेवा.